बालेरचा वेढा आणि वेढ्याबाहेरचं गाव

१८९८च्या जूनचा शेवटचा आठवडा. फिलिपाइन्समधल्या लुझोन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, बालेर नावाच्या लहानशा गावात, सुमारे पन्नास स्पॅनिश सैनिकांची शिबंदी होती. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की गाव रिकामं झालंय. गाजावाजा न करता, बायकापोरांसह, माणसं रानाकडे निघून गेली होती. त्या भागाचा लष्करी कारभारी कॅप्टन एन्रिके दे लास मोरेनास याला याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. गावात भक्कम दगडी भिंतींची इमारत एकच, ती म्हणजे चर्च. पीठ, तांदूळ, कडधान्य, खारवलेलं मांस, सार्डिनचे डबे, काडतुसं असं सगळं तिथे हलवायला सुरुवात झाली. ३० जूनला गस्तीवर निघालेल्या तुकडीवर गोळीबार झाला. सैनिक मागे फिरले, चर्चमध्ये शिरले आणि दारं आतून बंद झाली. हा वेढा उठला २ जून १८९९ रोजी, ३३७ दिवसांनी.

स्पेनमध्ये ही हकिकत घरोघरी ठाऊक आहे. ‘फिलिपाइन्समधले शेवटचे’ या नावाने हे सैनिक तिथे ओळखले जातात. त्यांच्यावर १९४५ मध्ये एक आणि २०१६ मध्ये दुसरा असे गाजलेले चित्रपट निघाले. या कथेत कॅमेरा बहुतेक वेळ चर्चच्या आत असतो. माझं मन मात्र तेवढंच बाहेरही घुटमळतं. आपली घरं, शेतं, चर्च सोडून निघून गेलेलं ते गाव, आणि अकरा महिने दारापाशी थांबून शेवटी शत्रूला सन्मानाने वाट करून देणारी ती माणसं, यांच्यावाचून बालेरचा इतिहास अर्धाच राहतो.

आधी हे गाव कुठे आहे ते नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. मनिलाच्या ईशान्येला, आजच्या रस्त्याने सुमारे २३० किलोमीटरवर बालेर आहे. मध्ये आडवी येते ती सिएरा माद्रे, लुझोनच्या पूर्व कडेने दक्षिणोत्तर पसरलेली, फिलिपाइन्समधली सर्वांत लांब डोंगररांग. तिचा उतार संपतो आणि समुद्र सुरू होतो यांच्या मधली अरुंद सपाटी म्हणजे बालेर. समोर थेट पॅसिफिक महासागर. ईशान्येकडून वारे वाहू लागले, की हा समुद्र खवळतो. त्या वाऱ्यांना तिथे आमिहान म्हणतात, आणि ते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकतात. जुन्या काळी त्या दिवसांत जहाज किनाऱ्याला लावणं जिकिरीचं होतं. मग उरायची ती दाट जंगलातून, डोंगर ओलांडून पांताबांगानकडे जाणारी पायवाट. म्हणजे बालेर हे या साऱ्या किनारपट्टीचं प्रवेशद्वार होतं खरं, पण वर्षातले कित्येक महिने ते जवळजवळ बंदच असायचं. आजही आउरोरा प्रांतात येणाऱ्या बहुतेकांची वाट बालेरवरूनच जाते. फरक इतकाच, की आता मनिलाहून बस पाच-सहा तासांत पोचते.

फ्रान्सिस्कन मिशनरी इथे १६०९ मध्ये आले आणि त्यांनी वस्ती वसवली. गावाचा संरक्षक संत तुलूझचा संत लुई. त्याचा सण १९ ऑगस्टला. ही तारीख पुढे पुन्हा येणार आहे.

पहिलं गाव समुद्राच्या अगदी काठावर होतं. २७ डिसेंबर १७३५ रोजी समुद्रातून प्रचंड लाट आली आणि ते गाव धुऊन गेलं. जे धावत जवळच्या टेकडीवर चढले तेवढेच वाचले. त्या टेकडीला आज एर्मिता म्हणतात. वाचलेल्या मोजक्या कुटुंबांची नावं बालेरमध्ये अजून सांगितली जातात : आंगारा, बिहासा, बितोंग, लुमासाक, कारास्को, पोब्लेते. टेकडीच्या पायथ्याशी आता या घटनेचं स्मारकशिल्प आहे. एकमेकांना ओढत, लेकरांना वर ढकलत चढणारी माणसं त्यात दाखवलीत. वाचलेल्यांनी नवं गाव किनाऱ्यापासून थोडं आत वसवलं. तेच आजचं बालेर, आणि १८९८चं चर्चही याच दुसऱ्या गावातलं.

संकट आलं की गाव उचलायचं आणि माणसं वाचवायची हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक झालं होतं. १८९८ मध्ये गाव रिकामं झालं, त्या बातमीकडे मी असंच पाहतो. सैनिकांना ते पलायन वाटलं असेल. पण अख्खं गाव शिस्तीत निघून जातं तेव्हा त्यामागे बैठका असतात, निरोप असतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोण उचलणार याची ठरवाठरव असते.

त्याआधी वर्षभर बालेर धुमसत होतं. काटिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेचं बंड १८९६ मध्ये मनिलाच्या परिसरात पेटलं आणि डोंगरापलीकडेही पोचलं. बालेरमध्ये त्याचा पुढारी होता तेओदोरिको लुना नोविसिओ. ऑक्टोबर १८९७च्या सुरुवातीला एका रात्री त्याच्या माणसांनी स्पॅनिश ठाण्यावर हल्ला केला. तिथला अधिकारी लेफ्टनंट होसे मोता याने त्या धुमश्चक्रीत स्वतःचा जीव घेतला. मग जादा कुमक आली. डिसेंबरमध्ये बियाक-ना-बातोचा तह झाला, क्रांतिकारकांचा नेता एमिलिओ आगिनाल्दो हाँगकाँगला निघून गेला, आणि आता सगळं शांत झालं असं मनिलाने ठरवलं. बालेरची मोठी फौज काढून घेतली गेली. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिच्या जागी आले जेमतेम पन्नास सैनिक आणि दोन लेफ्टनंट : हुआन अलोन्सो सायास आणि सातुर्निनो मार्तिन सेरेसो. सोबत रोखेलिओ विखिल दे किन्योनेस नावाचा डॉक्टर होता.

तह कागदावरच राहिला. १ मे १८९८ रोजी अमेरिकन आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पेनची जहाजं बुडवली, महिना संपायच्या आत आगिनाल्दो परतला आणि १२ जूनला त्याने फिलिपाइन्सचं स्वातंत्र्य जाहीर केलं. बालेरच्या लोकांनी गाव सोडलं ते त्यानंतर दोनच आठवड्यांनी.

वेढ्याची सुरुवात पाहिली तर माणसं अजून एकमेकांना माणूस म्हणून ओळखत होती, हे जाणवतं. जुलैच्या सुरुवातीला वेढा घालणाऱ्यांच्या म्होरक्याने, सिरिलो गोमेस ओर्तिस याने, संध्याकाळपर्यंत गोळीबार थांबवू या असा निरोप पाठवला आणि सोबत सिगारेटी धाडल्या. दे लास मोरेनासने निरोप स्वीकारला आणि उलट भेट म्हणून शेरीची बाटली पाठवली. अंधार पडल्यावर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आत परिस्थिती लवकरच बिघडत गेली. पाणी बाहेरून तोडलं जाणार हे ओळखून सैनिकांनी आवारातच विहीर खणली. पाणी लागलं आणि तो प्रश्न मिटला. खिडक्या विटामातीने बुजवल्या, गोळ्या झाडायला तेवढ्या फटी ठेवल्या. पण त्यामुळे हवा कोंडली. मिठाचा साठाच नव्हता. पीठ आंबलं, डाळींना कीड लागली, मांस नासलं. ऑगस्टमध्ये वेढ्यावाल्यांनी दोन फ्रान्सिस्कन पाद्रींना शरणागतीचा निरोप देऊन आत पाठवलं. ते परत गेलेच नाहीत, आतल्यांबरोबरच राहिले. खाणारी तोंडं आणखी दोन वाढली.

मग बेरीबेरी आला. पाय सुजायचे, सूज वर चढायची, श्वास लागायचा आणि हृदय थकून थांबायचं. सप्टेंबरमध्ये गावचा पाद्री कांदिदो गोमेस कारेन्यो गेला. १८ ऑक्टोबरला लेफ्टनंट अलोन्सो सायास गेला. २२ नोव्हेंबरला खुद्द कॅप्टन दे लास मोरेनास गेला. मृतांना चर्चच्या आतच पुरायचं आणि त्याच जमिनीवर झोपायचं, पहारा द्यायचा, जेवायचं. डॉक्टर विखिल स्वतः आजारी पडला, तरी खुर्चीत बसून रुग्ण पाहत राहिला. हा आजार अन्नातल्या उणिवेने होतो हे तेव्हा वैद्यकाला पुरतं ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास, तिथून दक्षिणेला जावा बेटावर, क्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरने कोंबड्यांना कोंडा काढलेला पांढरा तांदूळ घातला की त्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट दिला की सुधारतात, हे पाहिलं होतं. त्याला त्यासाठी पुढे, १९२९ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळालं. बालेरच्या चर्चपर्यंत ते ज्ञान पोचायचं तर आधी कुठलीही बातमी तिथे पोचायला हवी होती.

विखिलला अनुभवाने एवढं मात्र कळलं, की ताजा पाला पोटात गेला नाही तर कोणीच उरणार नाही. आता कमान मार्तिन सेरेसोच्या हाती होती. १४ डिसेंबरला त्याने भरदिवसा मोजकी माणसं बाहेर काढली. त्यांनी चर्चला खेटून असलेल्या घरांना आगी लावल्या, गोंधळ उडवला आणि जवळपासच्या परसांतून भोपळ्याचे वेल, भोपळे, संत्री ओरबाडून आणली. इतिहासकार या धाडीचं कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे, कारण तिने आतले जीव वाचवले. डॉक्टरही त्यातच वाचला. पण जळाली ती घरं कोणाची होती? रानात राहणाऱ्या, पावसाळा आणि आमिहान झोपड्यांत काढणाऱ्या गावकऱ्यांची. त्या भोपळ्यांचे वेलही त्यांनीच लावले होते.

चर्चभोवतीची जागा मोकळी झाल्यावर दारं थोडी उघडता आली, आत हवा खेळली. दहाच दिवसांनी नाताळ आला. गावच्या बँडची वाद्यं चर्चमध्ये ठेवलेली होती. सैनिकांनी ती काढली, रिकामे डबे बडवले आणि हाडं उरलेल्या अंगांनी रात्र नाचत काढली. जेवायला भोपळा, संत्र्याच्या सालींचा गोड पदार्थ आणि कॉफी होती.

मनोऱ्यावरचा स्पेनचा झेंडा ऊनपावसाने विरून जायचा. तेव्हा चर्चमधल्या सेवेकरी मुलांचे लाल अंगरखे उसवले गेले, पिवळ्या पट्ट्यासाठी मच्छरदाणीचं कापड घेतलं, आणि त्यातून नवा झेंडा शिवला. मला या सगळ्या कहाणीत हा झेंडा विशेष लक्षात राहतो. कारण तो ज्या देशासाठी फडकत होता, त्या देशाने तोवर हा मुलूख सोडून दिला होता. मनिला १३ ऑगस्ट १८९८ लाच अमेरिकनांच्या हाती गेली होती. १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेनने फिलिपाइन्स दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेला दिलं. भोपळ्यासाठी बालेरमध्ये घरं पेटली ती तहावर सह्या होऊन चार दिवस उलटल्यावर.

हे आतल्यांना सांगितलं गेलं नव्हतं असं नाही. वेढ्यावाल्यांनी पत्रं पाठवली, वर्तमानपत्रं टाकली. मार्तिन सेरेसोने सगळं बनावट ठरवलं. फेब्रुवारी १८९९ मध्ये स्पॅनिश सैन्यातला कॅप्टन मिगेल ओल्मेदो अधिकृत पत्र घेऊन आला. पत्र दे लास मोरेनासच्या नावे होतं, आणि तो तर तीन महिन्यांपूर्वी जमिनीत गेला होता. मार्तिन सेरेसोने ही गोष्ट उघड केली नाही. पत्र कॅप्टनला देतो म्हणून घेतलं, आणि साध्या कपड्यांत आलेल्या या माणसावर विश्वास ठेवायला नकार दिला. ओल्मेदो खरंच बोलत होता.

एप्रिलमध्ये अमेरिकनही आले. मनिलाच्या आर्चबिशपच्या विनंतीवरून या सैनिकांना सोडवायला ‘यॉर्कटाउन’ ही युद्धनौका बालेरच्या खाडीत शिरली. आतल्यांना जहाजाचा शोधदिवा दिसला, आशा वाटली. १२ एप्रिलला लेफ्टनंट जेम्स गिलमोर लहान नावेतून नदीत शिरला आणि काठावर दबा धरलेल्या फिलिपिनोंच्या तावडीत सापडला. काही नाविक मारले गेले, उरलेले पकडले गेले; त्यांची सुटका व्हायला डिसेंबर उजाडला. यॉर्कटाउन निघून गेली. एव्हाना बालेरबाहेरच्या माणसांवर दोन शत्रूंशी लढायची वेळ आली होती. ४ फेब्रुवारीला अमेरिका आणि फिलिपिनो प्रजासत्ताक यांचं युद्ध सुरू झालं होतं, मार्चअखेर राजधानी मालोलोस हातची गेली होती. तरीही कमांडर सिमोन टेक्सनची माणसं त्या एका चर्चभोवती बसून होती.

आतल्या माणसांच्या ताटात आता म्हशी नव्हत्या. हिवाळ्यात चर्चजवळ चरायला आलेल्या काही म्हशी मारून त्यांनी मांस खाल्लं होतं आणि कातड्याची पायताणं केली होती. मग कुत्री, मांजरं, उंदीर, पाली, रानातला पाला. मे महिन्याच्या शेवटी लेफ्टनंट कर्नल क्रिस्तोबाल आगिलार आला, पूर्ण गणवेशात. मार्तिन सेरेसोने त्यालाही तोतया ठरवलं. आगिलारने ठेवलेली वर्तमानपत्रं तेवढी आत आली. दारूगोळा आणि अन्न संपत आलं होतं, म्हणून फळी फोडून रानात घुसायचं आणि मनिला गाठायचं असा बेत ठरला. निघण्याआधी, १ जूनला, फितुरीच्या प्रयत्नाबद्दल साखळदंडात ठेवलेल्या दोन सैनिकांना मार्तिन सेरेसोने खटल्याविना गोळ्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने ‘एल इम्पार्सिआल’चा अंक पुन्हा चाळला. आतल्या पानावर बदल्यांची बारीक अक्षरांतली यादी होती. त्यात फ्रान्सिस्को दियास नावाच्या लेफ्टनंटची मालागाला बदली झाल्याची एक ओळ होती. हा त्याचा मित्र. फिलिपाइन्समधली नोकरी संपली की मालागाला जायचं, असं त्याने एकदा मार्तिन सेरेसोला खासगीत सांगितलं होतं. ही गोष्ट बालेरच्या रानात बसलेल्या कोणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. म्हणजे वर्तमानपत्र खरं. म्हणजे पत्रं खरी, ओल्मेदो खरा, आगिलार खरा, आणि कालचे ते दोघे उगाच मेले.

मी मार्तिन सेरेसोचं धैर्य नाकारत नाही. नेमून दिलेली जागा सोडायची नाही, हा सैनिकाचा धर्म त्याने शेवटपर्यंत पाळला. पण जी माणसं आजारी होती, तरुण होती, घरी परतायला आसुसलेली होती, त्यांना त्याच्या संशयाची किंमत मोजावी लागली, हेही तितकंच खरं आहे. १९०४ मध्ये त्याने स्वतःच ‘एल सितिओ दे बालेर’ हे पुस्तक लिहिलं, आणि वर सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्याच्याच तोंडून आपल्याला कळतात.

चर्चमधून बाहेर पडण्याच्या अटी त्यानेच लिहिल्या : शस्त्रं देऊ, पण आम्हाला युद्धकैदी मानायचं नाही, सुखरूप पोचवायचं. टेक्सनने त्या मान्य केल्या. अकरा महिने आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या, आपली घरं जाळणाऱ्या माणसांच्या अटी. दारं उघडली तेव्हा आत गेलेल्या पन्नासांपैकी ३३ सैनिक उरले होते. आजाराने गेलेले पंधराच्या आसपास, वेढ्यावाल्यांच्या गोळीने दोनच. टेक्सनच्या माणसांनी त्यांना मार्ग करून दिला.

तो महिना फिलिपिनो प्रजासत्ताकासाठी भयंकर होता. त्यांचा सर्वांत समर्थ सेनापती आंतोनिओ लुना याचा ५ जूनला काबानातुआनमध्ये आपल्याच माणसांकडून खून झाला. अमेरिकन फौजा पुढे सरकत होत्या. अशा वेळी ३० जून १८९९ रोजी तार्लाकमधून आगिनाल्दोने हुकूम काढला : बालेरच्या सैनिकांना कैदी समजायचं नाही, मित्र समजायचं, आणि त्यांना मायदेशी जाण्यासाठी परवाने द्यायचे. सैनिक मनिलाला पोचले, तिथून जहाजाने १ सप्टेंबरला बार्सिलोनाला.

फिलिपाइन्समध्ये आता ३० जून हा फिलिपिनो-स्पॅनिश मैत्री दिन आहे. २००३ मध्ये त्यासाठी कायदा झाला. तो मांडणारा सिनेटर एदगार्दो आंगारा बालेरचाच. १७३५च्या लाटेतून वाचलेल्या कुटुंबांच्या यादीत त्याचं आडनाव पहिलं येतं. शरणागतीची २ जून ही तारीख न घेता हुकुमाची तारीख घेतली, हे मला फार योग्य वाटतं. त्या तारखेत गावाची, वेढा घालणाऱ्यांची, त्यांच्या नवख्या सरकारची बाजू येते.

त्या सरकारचा शेवट याच किनाऱ्यावर झाला. मार्च १९०१ मध्ये अमेरिकन अधिकारी फ्रेडरिक फन्स्टन बालेरच्या उत्तरेला कासिगुरानजवळ गुपचूप उतरला. बरोबर माकाबेबे सैनिक होते, त्यांनी क्रांतिकारकांची सोंगं घेतली. फन्स्टन आणि त्याचे साथी त्यांचे ‘कैदी’ झाले. आगिनाल्दो होता त्या पालानानकडे रानातून जाताना ही टोळी भुकेने कोसळायला आली. त्यांनी आगिनाल्दोकडेच अन्न मागितलं. त्याने पाठवलं. ते खाऊन ताकद आल्यावर २३ मार्चला त्यांनी त्याला पकडलं. बालेरच्या सैनिकांना सोडताना जो मोठेपणा त्याने दाखवला, तोच इथे त्याच्या अंगाशी आला. त्याने तो दाखवायला नको होता, असं मात्र मला म्हणवत नाही.

बालेरच्या डोंगरवाटेने आणखी एका घराला फार छळलं. १९ ऑगस्ट १८७८ रोजी, संत लुईच्या सणाच्या दिवशी, गावात एक मुलगा जन्मला. म्हणून त्याच्या नावात लुईस आला : मानुएल लुईस केसोन. वडील शाळामास्तर होते. १८९८ मध्ये नुएवा एसिहाहून बालेरला परतताना ते आणि मानुएलचा धाकटा भाऊ वाटेतच मारले गेले. मानुएल पुढे आगिनाल्दोच्या फौजेत मेजर झाला, वकील झाला, आणि १९३५ मध्ये फिलिपिनो कॉमनवेल्थचा अध्यक्ष झाला. त्याची पत्नी आउरोरा आरागोन ही त्याची नात्यातलीच, बालेरमध्येच जन्मलेली. वेढ्याच्या वेळी ती दहा वर्षांची होती. तिच्याच देखरेखीखाली १९३९ मध्ये बालेरचं चर्च पुन्हा बांधलं गेलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर जवळपास पाच वर्षांनी, २८ एप्रिल १९४९ रोजी, बालेरमध्ये त्याच्या नावाच्या रुग्णालयाचं उद्घाटन करायला ती मनिलाहून निघाली. बोंगाबोनच्या डोंगरात हुक नावाच्या गटाच्या बंडखोरांनी तिच्या मोटारींवर गोळीबार केला. ती, तिची थोरली मुलगी आणि जावई त्यात गेले. पुढे बालेरभोवतीच्या या मुलखाला आउरोरा हे नाव दिलं गेलं. आधी तो उपप्रांत होता, १९७९ मध्ये स्वतंत्र प्रांत झाला.

बालेरला जगाच्या नकाशावर दुसऱ्यांदा आणलं ते एका चित्रपटाने. १९७६ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोला ‘अपोकॅलिप्स नाऊ’चं चित्रीकरण करायला इथे आला. कथा व्हिएतनामची, किनारा बालेरचा. सैनिक युद्ध चालू असताना लाटांवर फळ्या घेऊन उतरतात, ते प्रसिद्ध दृश्य इथलं. चित्रपटवाले गेले आणि काही फळ्या मागे राहिल्या. गावच्या पोरांनी त्या उचलल्या आणि आपापली सर्फिंग शिकली. आज सबांगच्या किनाऱ्यावर ओळीने सर्फिंगच्या शाळा आहेत, शिक्षक बहुतेक गावातलेच, आणि चित्रीकरण झालं ती जागा अजून चार्लीज पॉइंट म्हणून ओळखली जाते. ज्या आमिहानच्या लाटा जहाजांना किनाऱ्याला लागू देत नव्हत्या, त्यांच्यासाठीच आता हौशी लोक ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतात. शांत पाणी हवं असेल तर एप्रिल-मे बरा.

शेजारच्या सान लुईसमध्ये डितुमाबोचा धबधबा आहे. तिथवर झऱ्याच्या पात्रातून, दगडांवरून चालत जावं लागतं. मारिया आउरोरा गावात एक प्रचंड जुना बालेते वृक्ष आहे. वडाच्याच कुळातला, पारंब्यांचं असं जाळं झालेला, की माणूस त्याच्या पोटातून आत शिरून पलीकडे निघू शकतो. खाण्यात पाको, म्हणजे नेच्याच्या कोवळ्या कोंबांची कोशिंबीर, चुकवू नये. आणि साबुतान पाहावं. हा केवड्याच्या जातीचा झुडपासारखा वाढणारा वृक्ष. त्याच्या लांब पानांच्या कडांचे काटे काढतात, पान उभं चिरून बारीक पट्ट्या करतात, वाळवतात आणि त्यातून टोप्या, चटया, पिशव्या विणतात. चांगल्या टोपीचं विणकाम इतकं घट्ट आणि मऊ असतं, की हातात घेतल्यावर कापडच वाटावं.

चर्च, जवळचं बालेर संग्रहालय आणि केसोनच्या जन्मघराची प्रतिकृती हे सगळं एका सकाळी पायी पाहून होतं. पण सुरुवात मात्र एर्मिता टेकडीपासून करावी, असं मी सुचवेन. वरून एका बाजूला खाडी आणि नदीचं मुख दिसतं, जिथून गिलमोरची नाव आत आली. खाली सबांग, जिथे १७३५चं गाव होतं. आत झाडीत आजचं बालेर, आणि त्याच्या मागे सिएरा माद्रेचा हिरवा उतार. १८९८च्या जूनमध्ये गावकरी निघाले ते त्याच रानाकडे.